ब्रिंजारी: डिक्शनरीत सापडलेला आमचा तांडा

ईअरफोन नीट बसवा. आज मी असे काही शब्द बोलणार आहे की अर्धवट ऐकू आले तर शिवी वाटेल. आणि जे हा भाग ऐकण्याऐवजी इथे वाचताहेत त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की बोलताना पन्नास वेळा आलेलं 'म्हणजे कसं आहे ना' मी लिहिताना काढून टाकलंय. बाकी सगळं तसंच आहे.

तर पहिला शब्द घ्या. फ्लॉक्सीनॉसिनिहिलिपिलिफिकेशन.

अडखळलात ना? मीही अडखळलो होतो. मानोऱ्याहून कारंज्याला जाणाऱ्या एसटीत, खिडकीच्या सीटवर बसून, फोनमध्ये बघत मी हा शब्द पाठ केला होता. इंग्रजी स्पेलिंगमध्ये याची २९ अक्षरं आहेत. अर्थ काय, तर एखादी गोष्ट अगदी फालतू आहे असं ठरवून टाकणं. शेजारी बसलेला माझा मित्र म्हणाला, "अबे, हे कोन बोलते बे? आन कोनाशी?" प्रश्न बरोबर होता. पण अकरावीत असताना बरोबर प्रश्न आवडत नाहीत.

माझं बॅकग्राउंड सांगतो, नाहीतर पुढचं लागणार नाही. मी वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातला, एका तांड्यावरचा. घरात गोरबोली. तांड्याबाहेर रस्त्यावर आलं की वऱ्हाडी. शाळेत पुस्तकातली मराठी, जी आमच्या गुरुजींनाही तासाच्या शेवटी जड व्हायची. इंग्रजी म्हणजे आमच्यासाठी सरळ चौथी भाषा. आणि माझ्या डोक्यात असं पक्कं बसलं होतं की बाकीच्या तिन्ही लपवायच्या असतील तर चौथी एवढी भारी पाहिजे, की समोरचा पुढे काही विचारणारच नाही.

म्हणून मी दोनशे पानी वही केली. रोज एक शब्द. साधा शब्द चालायचा नाही, कुणाला माहीत नसलेलाच पाहिजे. डिफेनेस्ट्रेशन, म्हणजे माणसाला खिडकीतून बाहेर फेकणं. त्यासाठी वेगळा शब्द आहे, विचार करा! १६१८ मध्ये प्राग शहरात तिघांना किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकलं होतं, त्यामुळे तो गाजला. तिघंही वाचले, हे मी दरवेळी आवर्जून सांगायचो. मग पेट्रिकोर, म्हणजे पहिल्या पावसाने मातीचा येतो तो वास. हा शब्द १९६४ साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी बनवला. आपल्याकडे मृद्गंध हा सुंदर शब्द असताना मी जूनमध्ये स्टेटसला पेट्रिकोर टाकायचो. तांड्यावरच्या कुणालाच कळायचं नाही, आणि मला तेच पाहिजे होतं.

पुढे पुण्याला गेलो. तिथे एका ठिकाणी निवडीसाठी ग्रुप डिस्कशन होतं. कुठे ते सोडा. मी वहीतला माल काढला आणि बोलता बोलता 'सेस्क्विपेडेलियन' म्हणालो. लॅटिनमधून आलेला शब्द, मूळ अर्थ दीड फूट लांबीचा. गरज नसताना लांबलचक शब्द वापरणाऱ्याला म्हणतात. थोडक्यात मला. उच्चारही चुकला. दोन-तीन जण हसले, तेवढं चालतं. मग समोरच्या सरांनी शांतपणे विचारलं, "तुझी मदर टंग कोणती?"

मी म्हणालो, "मराठी, सर."

बघा, मराठी माझीच आहे, आत्ता तिच्यातच बोलतोय. पण माझी याडी, म्हणजे आई, माझ्याशी जन्मापासून एक वाक्य मराठीत बोललेली नाही. खोलीवर येईपर्यंत तो उच्चार मी विसरलो होतो. हे उत्तर नाही विसरलो.

त्यानंतर वही बंद. सहा-सात महिने एकही शब्द नाही. मग एके रात्री सहज, झोप येत नव्हती म्हणून, मुंगूस इंग्रजीत कसं लिहितात ते बघायला गेलो. मंगूस. त्यातला 'गूस' बघून मला वाटलं बदकाशी काही संबंध असेल. काहीच नाही. तो शब्द आपला मुंगूसच आहे, मराठीतून उचललेला. म्हणून त्याचं अनेकवचन 'मंगीस' होत नाही, 'मंगूसेस' होतं. आमच्या धुऱ्यावरून पळणारं जनावर थेट इंग्रजी डिक्शनरीत जाऊन बसलंय, हे वाचून मी अंथरुणात उठून बसलो.

मग काय, चालूच झालो. डंगरी. इन्स्टावर मुली घालतात ती, पट्ट्यांची. हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून आला. तिथलं जाडंभरडं सुती कापड चारशे वर्षांपूर्वीपासून इंग्रजांना त्या नावाने माहीत होतं. नंतर खलाशी, कामगार त्याचे कपडे घालायला लागले, आणि आता ते मॉलमध्ये आहे. दुसरा शब्द डूलाली. इंग्लंडमध्ये आजही डोकं फिरलेल्याला म्हणतात. हे म्हणजे नाशिकजवळचं देवळाली! तिथे गोऱ्या सैनिकांची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई घरी जायच्या जहाजाची वाट बघत महिनोन्महिने तिथे पडून राहायचे. कामधंदा नाही, ऊन आणि कंटाळा. त्यावरून आधी 'डूलाली टॅप' आलं. त्यातला टॅप म्हणजे नळ नाही बरं का, आपला ताप.

हे सगळं ज्या पुस्तकात पुढे नेतं त्याचं नावही विचित्र आहे, हॉब्सन-जॉब्सन. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा कोश, १८८६ चा, हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा. मोहरममध्ये 'या हसन, या हुसेन' असा आक्रोश करतात, तो गोऱ्या शिपायांच्या कानाला हॉब्सन-जॉब्सन असा लागला. तेच नाव. नेटवर फुकट आहे, फोनवर उघडतं.

मी ते उघडलं आणि बी अक्षरात फिरत होतो. तिथे एक शब्द दिसला. ब्रिंजारी. बी, आर, आय, एन, जे, ए, डबल आर, वाय. मला वाटलं वांग्याशी काहीतरी असेल, ब्रिंजॉल वगैरे. खाली वाचलं तर बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारे व्यापारी.

अरे, हे तर आम्ही!

दोनशे पानांच्या वहीत मी जगभरचे अनोळखी शब्द भरले. आणि त्यातला सगळ्यात अनोळखी शब्द माझ्याच घराचा निघाला. बंजारा या नावाचं मूळ बहुतेक जण वाणिज्य, म्हणजे व्यापार, याच्याशी जोडतात. इंग्रजीत मधेच 'ब्रिं' कसं घुसलं? एक तर्क असा की फारसीत तांदळाला बिरिंज म्हणतात, त्या ओढीने बंजारीचं ब्रिंजारी झालं. बिर्याणीलाही काही जण त्याच बिरिंजशी जोडतात. म्हणजे आम्ही आणि बिर्याणी लांबचे नातेवाईक. हे मला फार आवडलं.

आता हा शब्द वापरायचं कोण? आर्थर वेलस्ली. १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. त्याआधी १८०३ मध्ये तो आपल्याच भागात लढत होता. २३ सप्टेंबरला असईची लढाई, आजच्या जालना जिल्ह्यात. २९ नोव्हेंबरला आडगावची, आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात. त्याच्या पत्रांमध्ये तोफांइतकीच ब्रिंजाऱ्यांची चिंता आहे. कारण तोफ ओढणाऱ्यालाही संध्याकाळी जेवायला लागतं, आणि ते धान्य आणणार कोण, तर हजारो बैल घेऊन चालणारे तांडे. शाळेत आम्हाला असईची लढाई होती. सेनापती होते, तारीख होती, तह होता. धान्य कुणी आणलं हे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दादांना फोन लावला. आमच्याकडे दादा म्हणजे आजोबा. ते गोरबोलीत बोलले, मी इथे मराठीत सांगतो. मी विचारलं, "दादा, आपले लोक बैलांवर माल न्यायचे?" ते म्हणाले, "लदेणी." एवढंच. जणू मी त्यांना भाकरी म्हणजे काय असं विचारलं होतं. मग बोलत राहिले. त्यांनी स्वतः लदेणी पाहिली नव्हती, त्यांच्या आज्याकडून ऐकली होती. गोणी कशी लादायची, दोन्ही बाजूंना वजन सारखं नसलं तर बैलाची पाठ कशी सोलते, सगळ्यात पुढच्या बैलाचा मान कसा असतो. चाळीस मिनिटं. त्याआधी आमचा फोन दोन मिनिटांच्या वर कधी गेला नव्हता. जेवलास का, पैसे आहेत का, ठेव.

मी त्यांना सांगितलं की इंग्रजांच्या पुस्तकात आपलं नाव आहे. त्यांनी विचारलं, "बैलांची नावं आहेत का त्यात?"

नाहीत, दादा.

मग हा शब्द गेला कुठे? आज कुठल्याही इंग्रजाला विचारा, ब्रिंजारी त्याला माहीत नसणार. याचं उत्तर दुसऱ्या एका हरवलेल्या शब्दात आहे. ऊम्रा. एकेकाळी लिव्हरपूलच्या कापूस बाजारात वऱ्हाडच्या कापसाला ऊम्रा म्हणायचे. अमरावतीचं त्यांनी ऊम्रावट्टी केलं होतं, त्याचं हे छोटं रूप. त्या काळी आपल्या वाशीमलाही ते बासिम लिहायचे, तेव्हा तक्रार नको. ऊम्राच्या प्रती ठरलेल्या होत्या, 'फाइन', 'फुल्ली गुड' अशा. मला तर ती आमच्या कॉलेजची मार्कशीटच वाटते. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर शेकडो मैल लांब गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा, आणि तिथून नावेतून कलकत्त्याला. त्या वाटेवर लदेणीचे बैल होते.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस थांबला, आणि इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसावर आल्या. तिथे हिंदुस्थानी कापसाला सरसकट 'सुरत' म्हणायचे. आखूड धागा, त्यात कचरा, यंत्रावर सारखा तुटायचा. गिरणी कामगार इतके वैतागले की 'सुरत' म्हणजे भेसळीचा, हलका माल असा अर्थ झाला. बिअर बनवणाऱ्यांना कुणीतरी 'सुरत' म्हटलं तर प्रकरण कोर्टात गेलं! सुरतेच्या मंडळींनी रागावू नये, बराचसा कापूस तुमच्याकडचा नव्हताच.

कापूस न्यायला रेल्वे हवी होती, ती आली. १८६७ पर्यंत मुंबईहून अकोला, बडनेरा करत नागपूर गाठलं. मालगाडीच्या एका डब्यात मावेल एवढा माल न्यायला किती बैल लागतील, आणि बैल रस्त्यात चरणार, पाणी पिणार, बसणार. लदेणी संपली. धंदा संपला तसा इंग्रजांच्या कागदांतून ब्रिंजारी हा व्यापाऱ्याचा शब्द विरळ होत गेला.

त्या जागी दुसरा शब्द आला. तो अजिबात अवघड नाही, मला वहीत लिहायची गरजच पडली नसती. क्रिमिनल. १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट. ज्यांचा पत्ता नाही, जे फिरतात, अशा कितीतरी जमातींना या कायद्याने जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. महाराष्ट्रात आमचा समाज आजही 'विमुक्त जाती' या यादीत आहे. माझ्या जातीच्या दाखल्यावर तो शब्द आहे. कॉलेजच्या फॉर्मवर कितीदा टिक केली असेल, पण विमुक्त म्हणजे कशातून मुक्त, हे मी त्या रात्रीपर्यंत विचारलं नव्हतं. पेट्रिकोरची व्युत्पत्ती मात्र तोंडपाठ.

आणि त्या सरांचा प्रश्न आठवतो ना, मदर टंग? जनगणनेत आमची बोली हिंदीच्या खात्यात मोजतात. बंजारी लिहा, लमाणी लिहा, बेरीज हिंदीत. म्हणजे मी मराठी म्हणालो, सरकार हिंदी म्हणतं, आणि याडीला दोघांपैकी कुणीही विचारलेलं नाही.

मागच्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा दादांना पोहरादेवीला घेऊन गेलो. आमच्या मानोरा तालुक्यातच आहे, संत सेवालाल महाराजांचं ठिकाण, रामनवमीला देशभरातून तांडे येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे बंजारा विरासत हे संग्रहालय सुरू झालंय. दादा तिथे फिरले, आणि बैल जिथे दिसला तिथे थांबले. एके ठिकाणी गोणी बांधलेली बघून जवळ गेले, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले की गाठ चुकलीय. सुरक्षारक्षकाला ते सांगायला गेले. तो बिचारा हो हो म्हणाला.

जुनी वही माझ्याकडे आहे, अजून नव्वद पानं कोरी आहेत. आता उलट्या बाजूने लिहितोय. पहिला शब्द लदेणी. दुसरा, त्या गाठीला जे म्हणतात ते. दादांनी सांगितलं, पण लिहिताना मला अक्षर सापडत नाहीये, देवनागरीत बसवायचा प्रयत्न चालू आहे. जमलं की सांगतो.

तुमच्याही घरात असा एखादा शब्द असेल, जो आजीशिवाय कुणी बोलत नाही. तो आजीच्याच आवाजात व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात लावू. दादा सगळे भाग ऐकतात. त्यांना थोडं कमी ऐकू येतं, तेव्हा फोन तोंडाजवळ धरा आणि मोठ्याने बोला.