लॉबीतले चार गडी आणि चीटिंगचा शिक्का

गुरुकुंज मोझरीवरून बोलतोय. मागच्या भागानंतर बरेच व्हॉइस मेसेज आले, आणि निम्म्यांचं म्हणणं एकच: "भाऊ, इराणवाले बचावात चीटिंग करतात, त्यावर बोल ना." चला, आज तेच.

पहिले ती मॅच आठवा. 7 ऑक्टोबर 2023, हांगझोऊ, आशियाई खेळांची पुरुष कबड्डी फायनल. भारत 28, इराण 28. मिनिटभर राहिलेलं. पवन सेहरावतची डू ऑर डाय चढाई, म्हणजे रिकाम्या हाताने आला तर बाद. कोणाला स्पर्श व्हायच्या आधीच पवन लॉबीत गेला, अन् त्याच्या मागोमाग इराणचे चार गडी पण लॉबीत.

लॉबी म्हणजे मैदानाच्या दोन्ही बाजूंची एक-एक मीटरची पट्टी. स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की ती मैदानात धरतात. तोवर ती बाहेरच. मग स्पर्श नसताना तिथे गेलेल्या चौघांचं काय? जुना नियम म्हणतो, चढाईवाला बाद आणि मागे गेलेले चौघंही बाद. प्रो कबड्डीत बदललेला नियम म्हणतो, फक्त चढाईवाला बाद. पंचांचा निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे. खेळाडू मॅटवर बसून राहिले, मॅच तासाभरासाठी थांबली. शेवटी भारताला 4 गुण, इराणला 1. मग 33-29, सुवर्ण आपलं.

आता सांगा, यात चीटिंग कोणी केली? मला तर कोणीच दिसत नाही. इराणचे अर्धेअधिक गडी प्रो कबड्डी खेळून तयार झालेले. चढाईवाल्याच्या मागे लॉबीत शिरायचं, काही बिघडत नाही, ही त्यांच्या पायांची सवय. आमच्या धंद्यात एकाच सर्व्हरवर दोन व्हर्जन चालू ठेवले आणि पैसे दोनदा कटले, तर शिव्या कोणाला बसतात? युजरला नाही ना! ज्याने दोन्ही चालू ठेवले, त्याला. एका खेळाची दोन नियमपुस्तकं ठेवणाऱ्यांना कोणी काही बोललं नाही, सगळा राग त्या चार पोरांवर निघाला.

खरी चोरी वेगळी असते, आणि ती सगळेच करतात, आपले पण. जर्सी ओढणं. नियम सांगतो, पकड फक्त हातापायाची नाहीतर धडाची. कपडा नाही, केस नाही. दम तोडायला तोंड दाबायचं नाही, गळा आवळायचा नाही, पायाची कात्री घालायची नाही. हे सगळं जीव वाचवायला आहे, गुणांसाठी नाही. कात्रीत गुडघा गेला की पोराचं अख्खं वर्ष गेलं, कधीकधी खेळच गेला.

आणि मधे एक करडा पट्टा आहे. डॅश. खांद्याने, छातीने धडक देऊन चढाईवाला बाहेर काढला तर टाळ्या. मुद्दाम हाताने ढकलून काढला तर फाऊल. आता अर्ध्या सेकंदात धडक कुठे संपली आणि ढकलणं कुठे सुरू झालं, हे सोफ्यावर बसून ठरवणारे आपण! आपल्या टीमने केलं की "काय डॅश आहे बे", दुसऱ्याने केलं की "ढकललं, ढकललं".

याचा पुरावा पाहिजे? त्या फायनलनंतर दोनच दिवसांनी प्रो कबड्डीचा लिलाव झाला. इराणचा मोहम्मदरेझा शादलोई, ज्याला आपल्या ग्रुपवर काय काय म्हटलं होतं, त्याला पुणेरी पलटणने 2 कोटी 35 लाखांना घेतलं. 1 मार्च 2024 ला पलटण चॅम्पियन झाली, हरियाणाला 28-25 ने हरवून. कॅप्टन आपला अस्लम इनामदार, जो हांगझोऊला भारताकडून होता. तेव्हा तीच पकड, तोच माणूस, आणि तेच ग्रुपवाले "आपला शादलोई" म्हणत होते. बरं, इराणच्या बायकांनी 2018 ला जकार्तात भारताला हरवून सुवर्ण घेतलं, तेव्हा त्यांच्या कोच होत्या नाशिकच्या शैलजा जैन. इतकं परकं काहून समजता राजेहो?

मला काळजी गावच्या मैदानाची आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 ला बर्लिनमध्ये कबड्डी दाखवली, असा आपला भाग. पण आज इथली पोरं बचाव शिकतात मोबाईलवर, प्रो कबड्डी पाहून, आणि खेळतात मातीत, जिथे रिव्ह्यू नाही, कॅमेरा नाही, पंच सांगेल तो नियम. पोरगं लॉबीत गेलं, पंचाने जुन्या नियमाने बाद दिलं, की मग भांडण. मॅचच्या आधी पंचाने दोन्ही कॅप्टनना बोलावून लॉबीचा नियम सांगावा, माईकवरून प्रेक्षकांनाही ऐकवावा. दोन मिनिटं लागतात. आणि जर्सी ओढली तर पहिल्याच वेळी कार्ड दाखवावं, मग तो सरपंचाचा पुतण्या का असेना.

तुमच्या गावात लॉबीचा कोणता नियम लावतात? व्हॉइस मेसेज टाका, गावाचं नाव सांगून. पुढच्या भागात ऐकवतो.