काटाही तपासावा लागतो



आम्ही हमालांच्या संघटनेतली माणसे. जे काही वाचले, ते कामातून सवड काढून वाचले. हिंगोलीच्या बाजारात हळदीचे पोते काट्यावर चढते. पोते काट्याने तपासायचे हे खरे. पण काटाही प्रमाण वजनांनी वेळोवेळी तपासून घ्यावा लागतो. ज्ञानाचेही तसेच आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

अमेरिकेत पर्स नावाच्या तत्त्वज्ञाने मांडले की, माणसाचे कोणतेही ज्ञान चुकण्याच्या शक्यतेपासून मुक्त नाही. त्याच परंपरेतले जॉन ड्यूई हे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू. विचार हे हत्यार आहे, त्याचा कस कामात लागतो, असे ते मानीत.

आणि आपल्याकडे? केसपुत्तच्या कालामांना बुद्धाने सांगितले की, परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावरून काही मानू नका. त्याने हित होते की अहित, हे स्वतः पारखा. दोघांची वाट एक नव्हे. बुद्धाला दुःखाचा निरोध साधावयाचा होता. ड्यूईंना समाजाचे प्रश्न समाजानेच मिळून, प्रयोगाने सोडवावयाचे होते. पण आंधळा विश्वास दोघांनाही नामंजूर.

कोणी विचारील, काहीच पक्के नाही, तर मजुरीसाठी झगडायचे कशाला? मालकही हेच म्हणतो : अजून चौकशी पुरी व्हायची आहे, थांबा. यावर मालुंक्यपुत्ताला सांगितलेला दृष्टांत आठवावा. विषारी बाण लागलेला माणूस बाण मारणाऱ्याचे कूळ, गाव विचारीत बसला, तर तो मरेल. आधी बाण काढावा. अपुऱ्या ज्ञानावरही कृती करावी लागते; मात्र ती फेरतपासणीला खुली ठेवावी.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हेच सांगितले. या संविधानावर आपण अखेरचे आणि अचूक असा शिक्का मारलेला नाही, दुरुस्तीची वाट मोकळी ठेवली आहे, असे ते म्हणाले. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशाराही त्याच भाषणातला. तेव्हा बाबासाहेबांचा शब्दही पारखून घेणे, हाच त्यांचा मान.

मग संघटनेच्या पुढाऱ्याची काय कथा! मागणी सभेत ठरावी, वर्षाने तिचा हिशेब सभेतच व्हावा, आणि शेवटच्या रांगेतल्या हमालाने उठून 'हे बरोबर नाही' म्हटले, तर त्याला खाली बसवू नये. आमचा काटा तोच आहे.