डिस्क उघडत नाही? आधी 'फॉरमॅट'वरचं बोट काढा!

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांची हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह लिनक्सवर उघडायला नाही म्हणतो.

दिवाळीला मी पहूरला घरी गेलो होतो. काकांनी एक डिस्क हातात ठेवली. "बघ भो, गेले वाटतं सगळे फोटो." आत आजोबांचे फोटो होते आणि आपल्या पीजेचे, म्हणजे पाचोरा-जामनेर गाडीचे. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी आता बंद आहे, म्हणजे ते फोटो पुन्हा काढता येणार नाहीत.

झालं काय होतं? काका विंडोजच्या कॉम्प्युटरवरून डिस्कवर फाइली टाकत होते आणि मध्येच लाईट गेली. मग त्यांनी ओटीजी लावून डिस्क मोबाईलला जोडली. मोबाईल म्हणाला, फॉरमॅट करा. नशीब, काकांनी तिथे बोट ठेवलं नाही. डिस्क एनटीएफएस पद्धतीची होती. ही विंडोजची पद्धत बऱ्याच अँड्रॉइड फोनना वाचता येत नाही. फोनला वाचता येत नाही म्हणजे डिस्क रिकामी आहे असं नसतं ना!

मी ती माझ्या उबुंटूला लावली. तिथेही एरर. रॉंग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक वगैरे. हे वाचून घाबरायला होतं, पण हा एक साचेबंद मेसेज आहे. खरं कारण दुसरीकडे असतं.

आता क्रम लक्षात ठेवा.

पहिलं, केबल आणि पोर्ट बदलून बघा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तिथेच थांबा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा.

दुसरं, टर्मिनल उघडून टाईप करा एल एस बी एल के. जोडून, लहान अक्षरांत. जोडलेल्या सगळ्या डिस्क दिसतात. आमची दिसली, एस डी बी १ नावाने, साइजही बरोबर. म्हणजे डिस्क जिवंत होती.

तिसरं, सुडो, स्पेस, डी एम ई एस जी. ही कर्नेलची डायरी. शेवटच्या ओळी वाचा. आमच्याकडे लिहिलं होतं, व्हॉल्यूम इज डर्टी. म्हणजे लिहिण्याचं काम अर्धवट राहिलंय अशी खूण डिस्कवर आहे. २०२१ मध्ये कर्नेल ५.१५ मध्ये एनटीएफएस३ नावाचा ड्रायव्हर आला. अशी खूण दिसली की तो लिहायला परवानगी देत नाही. आपल्याला वाटतं लिनक्स अडून बसलंय. खरं तर ते फोटो वाचवत असतं.

चौथं, डिस्क फक्त वाचण्यासाठी उघडा. सुडो माउंट, मग हायफन ओ, स्पेस, आर ओ, मग स्लॅश डेव्ह स्लॅश एस डी बी १, शेवटी स्लॅश एम एन टी. आर ओ म्हणजे रीड ओन्ली. तुमच्याकडे नाव एस डी सी वगैरे असू शकतं, बघून टाका.

उघडली! काका खुर्ची ओढून शेजारी बसले. आधी सगळे फोटो लॅपटॉपवर कॉपी केले. दुरुस्ती त्यानंतर. ती विंडोजवर चेकडिस्कने केलेली बरी. लिनक्सचं एनटीएफएसफिक्स मोजक्याच गोष्टी दुरुस्त करतं.

आणि डिस्क उघडते पण 'परमिशन डिनाइड' येतं, तर? लिनक्सच्या ईएक्सटी४ डिस्कवर मालकाचं नाव नसतं, नंबर असतो. दुसऱ्या मशीनवर तो नंबर वेगळ्याचाच असू शकतो. तिथे फॉरमॅट नको, मालकी बदला.

तर मंडळी, क्रम एकच. बघा, वाचा, कॉपी करा, मग दुरुस्त करा. आणि काढताना इजेक्ट करा, कारण स्क्रीनवर 'झालं' दिसलं तरी लिहिणं मागे चालू असतं.

काकांच्या फोटोंच्या आता दोन कॉपी आहेत. तुमच्या किती आहेत? आज रात्री मोजा. भेटू पुढच्या भागात!