वृद्धांचा संशोधक : पीटर टाउनसेंड

(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या संस्थेने वृद्धाश्रमासाठी निधी उभारावा, अशी सूचना गेली दोन वर्षे पुढे येत आहे. तीवर मत देण्यापूर्वी एका इंग्रज संशोधकाचे कार्य आपणांस सांगावे, एवढ्याच हेतूने आम्ही उभे आहोत. आम्ही मॅट्रिक झालेले शाळामास्तर. विद्वानांनी चूकभूल सांभाळून घ्यावी.

प्राध्यापक पीटर टाउनसेंड यांचा जन्म १९२८ साली मिडल्सबरो येथे झाला. आई गायिका, ती कार्यक्रमांसाठी गावोगाव जाई, तेव्हा मुलास आजीने सांभाळले. केंब्रिजचे शिक्षण संपल्यावर ते लंडनच्या बेथनल ग्रीन या कामकरी वस्तीत संशोधनास गेले. नव्या जमान्यातील मुले आईबापांस विसरली, अशी त्या काळी तिकडे सर्रास ओरड असे. टाउनसेंड यांनी २०३ वृद्धांची विचारपूस केली, तो चित्र निराळेच! पुष्कळांची मुले, विशेषेकरून मुली, जवळपासच राहत व नित्य येत-जात. आजीही नातवंडे सांभाळी. हा ग्रंथ १९५७ साली निघाला.

मग आश्रमांत जातात ते कोण? या प्रश्नापायी त्यांनी इंग्लंड व वेल्समधील १७३ संस्था पाहिल्या. निर्धनांस कोंडून राबविणारी जुनी ‘वर्कहाउसे’ बंद करून लहान, घरगुती आश्रम काढावयाचे, असा संकल्प १९४८ च्या कायद्याने केला होता. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी पाटी बदलली, इमारत तीच! लांबच लांब खोल्यांत खाटांच्या रांगा. चार चीजवस्तू ठेवण्यास हक्काचे कपाट नाही. दिवसभर भिंतीकडेच्या खुर्चीत बसून राहणे. आणि तेथील माणसे? मुलांनी टाकलेली थोडी; अविवाहित, निपुत्रिक, आप्त गमावलेली फार. घरी थोडे साहाय्य मिळते, तर त्यांतील कित्येक स्वतःच्याच घरी राहू शकते. हे सारे १९६२ साली ‘द लास्ट रेफ्यूज’ या ग्रंथात प्रसिद्ध झाले. असे आश्रम क्रमाक्रमाने आटोपते घ्यावे व घरपोच सेवा आणि सोयीची लहान घरे वाढवावीत, अशी त्यांची शिफारस होती.

येथे आम्हांस आमच्या निपुत्रिक, विधवा आत्याबाई आठवतात. त्यांस कोणी घराबाहेर काढले नाही. आम्हां तिघा भावांनी चार-चार महिने वाटून घेतले. मुदत भरली की त्यांची ट्रंक आम्हीच रिक्षात ठेवीत असू. ज्ञातीत आमचे कौतुक झाले. परंतु त्या माउलीस तिन्ही घरांत स्वतःचे असे एक कपाट नव्हते, हे ग्रंथातील ती हकीकत कळेपर्यंत आमच्या ध्यानीही आले नाही.

टाउनसेंड पुढे एसेक्स विद्यापीठात प्राध्यापक झाले, दारिद्र्यावर मोठा ग्रंथ लिहिला. पण वृद्धांचा विषय त्यांनी सोडला नाही. १९८१ सालच्या एका निबंधात त्यांनी म्हटले, की वृद्धांचे परावलंबन पुष्कळसे समाजानेच घडविलेले असते : सक्तीची निवृत्ती, तुटपुंजे वेतन आणि नुसते बसवून ठेवणारी सेवा. (अठ्ठावन्नाव्या वर्षी हार घालून घरी पाठविलेल्या आमच्यासारख्यास हे विशेष पटले, हे कबूल करतो.) २००९ साली ते निवर्तले.

“आपल्या ज्ञातीत म्हाताऱ्यांस कोणी टाकीत नाही,” असे याच व्यासपीठावरून अनेकदा सांगितले जाते. ते खरे असेलही. पण ज्यांस टाकावयासही कोणी नाही, त्यांचे काय? आणि ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांचे? अशांची गणती आपण केलेली नाही. ती होईतो इमारत निधीचा ठराव तहकूब ठेवावा, अशी आमची उपसूचना आहे. कोण एकटे राहते, कोणास डबा हवा, कोणास दवाखान्यात सोबत हवी, एवढेच प्रत्येक पेठेने लिहून आणावे. आमच्या पेठेची वही आम्ही घातली आहे. संमेलन संपेपर्यंत ती चिटणिसांच्या मेजावर राहील.