एडिटरमधली जागा कोणाची? मोबाइलवर विमच्या खिडक्या कशा सांभाळायच्या

मी नंदुरबारहून बोलतोय. आजचा एपिसोड खास त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही आणि जे मोबाइलवरच कोडिंग शिकतायत.

धडगावकडून एका ताईचा व्हॉइस मेसेज आला. ती टर्मक्समध्ये विम टाकून पायथॉन शिकतेय. ती म्हणते, "दादा, प्रोग्राम दोन-तीनदा चालवला की स्क्रीनचे तुकडे-तुकडे होतात. हेल्प उघडली की माझा कोडच दिसत नाही. आता लॅपटॉप आला की बघू."

ताई, लॅपटॉप येईल तेव्हा येईल. तोवर शिकणं कशाला थांबवायचं? आपली अडचण चार-पाच सेटिंगांची आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. खिडकी वेगळी आणि फाइल वेगळी. आपल्याकडे मिरचीच्या हंगामात पथारी बघता ना? पथारी म्हणजे जागा, मिरची म्हणजे माल. विममध्ये खिडकी ही पथारी आणि उघडलेली फाइल हा माल. त्या मालाला विम 'बफर' म्हणतो. एका खिडकीत दुसरी फाइल आली, तरी पहिली गायब होत नाही. कोलन, एल, एस टाइप करा, सगळ्या बफरांची यादी नंबरसकट येते. मग कोलन, बी आणि तो नंबर. फाइल परत समोर!

आता जागेचे नियम. स्प्लिट केलं की विम नवी खिडकी वर उघडतो आणि आपला कोड खाली ढकलतो. उभं स्प्लिट केलं तर नवी खिडकी डावीकडे. मोबाइल उभा धरला की रुंदी आधीच कमी, म्हणून उभ्या स्प्लिटच्या नादी लागूच नका. होम फोल्डरमध्ये डॉट विमआरसी नावाची फाइल बनवा आणि त्यात लिहा: सेट, स्पेस, स्प्लिटबिलो. 'स्प्लिटबिलो' सलग, इंग्रजी छोट्या लिपीत. आता कोड वर राहील, नवी खिडकी खाली येईल.

हेल्पचं काय? हेल्पच्या खिडकीची उंची विमने किमान 20 ओळी ठरवून ठेवली आहे. कॉम्प्युटरवर ते ठीक. पण कीबोर्ड उघडा असताना मोबाइलवर ओळी दिसतातच कितीशा? म्हणून त्याच फाइलमध्ये पुढची ओळ: सेट हेल्पहाइट बरोबर शून्य. मग हेल्प अर्धीच जागा घेईल. एक बरं आहे, हेल्पची खिडकी आधीच उघडी असेल तर विम तीच पुन्हा वापरतो.

प्रोग्राम चालवताना मात्र तसं होत नाही. कोलन टर्म, पायथॉन, फाइलचं नाव असं दिलं की दर वेळी नवी खिडकी. तीनदा चालवलं की कोडची एक आणि आउटपुटच्या तीन अशा चार पट्ट्या! उपाय सोपा आहे. पहिल्यांदा तसंच चालवा. पुढच्या वेळी कोड सेव्ह करा, कंट्रोल डब्ल्यू आणि मग डब्ल्यू दाबून खालच्या खिडकीत जा. तिथे कोलन टर्म, स्पेस, प्लस प्लस करविन, स्पेस, पायथॉन, फाइलचं नाव. 'करविन' म्हणजे करंट विंडो, सी-यू-आर-डब्ल्यू-आय-एन. आउटपुट त्याच जागेत येईल. कंट्रोलचं बटण टर्मक्समध्ये कीबोर्डच्या वरच्या पट्टीत आहे.

नको असलेली खिडकी बंद करायला क्यूऐवजी कोलन क्लोज वापरा. क्यू शेवटच्या खिडकीत दिलं तर विममधूनच बाहेर पडाल. क्लोज शेवटची खिडकी बंदच करत नाही.

आणि आता माझी सगळ्यात आवडती सेटिंग. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना? तसा रुमाल विममध्येही आहे. कोडच्या खिडकीत जाऊन द्या: कोलन सेटलोकल, स्पेस, विनफिक्सबफ. आता त्या खिडकीत चुकून दुसरी फाइल उघडायला गेलात तर विम सरळ नकार देतो. ही सोय 2024 मध्ये आली, त्यामुळे विम जुना असेल तर आधी अपडेट करा.

कॉलेजच्या लॅबमध्ये व्हीएस कोड असेल तर तिथेही हाच खेळ. टॅबवरचं नाव तिरक्या अक्षरात दिसतंय? म्हणजे ती फाइल फक्त बघायला उघडलीय, पुढची फाइल तिची जागा घेणार. नावावर डबल क्लिक करा, टॅब पक्का होतो. आणि तीन टिंबांच्या मेनूत 'लॉक ग्रुप' आहे, तो तिथला रुमाल.

एडिटर मुद्दाम त्रास देत नाही. जागा कुठे द्यायची याचा नियम आपण सांगितला नाही, तर तो स्वतःचा लावतो. आणि ते नियम बनवताना समोर आपला सहा इंची स्क्रीन नव्हता.

तर आजचा गृहपाठ: डॉट विमआरसीमध्ये दोन ओळी टाका, मग एकच प्रोग्राम पाच वेळा चालवा. शेवटी स्क्रीनवर दोनच खिडक्या दिसल्या पाहिजेत. जास्त दिसल्या तर व्हॉइस मेसेज करा, मिळून बघू. आणि ज्या मित्राने "लॅपटॉप आल्यावर शिकेन" म्हटलंय, त्याला हा एपिसोड नक्की पाठवा. चला, भेटू पुढच्या वेळी!