औषधांचे पासबुक : चेन्नईतील एका महामंडळाची कार्यपद्धती

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे राष्ट्रीय आरोग्य धोरण १९८३ चे असो, २००२ चे असो वा २०१७ चे, त्याची अंमलबजावणी मुख्यत्वे राज्यांच्या यंत्रणेवर अवलंबून राहते. ‘शासकीय रुग्णालयात औषध मोफत मिळेल’ हे वाक्य धोरणात एका ओळीत मावते. ते औषध कोणी खरेदी करायचे, पुरवठादाराला पैसे केव्हा द्यायचे, गोळीत औषधच आहे याची खात्री कोणी करायची, हे प्रश्न त्या ओळीबाहेर राहतात. त्यांची उत्तरे नसली की डॉक्टर हजर असूनही रुग्ण चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानात जातो. आजारपणात कुटुंबाच्या खिशातून जो खर्च होतो, त्यातील मोठा वाटा औषधांचाच असतो.

तमिळनाडूने या प्रश्नांसाठी १९९४ मध्ये तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. चेन्नईत मुख्यालय असलेली ही पूर्णतः राज्य शासनाच्या मालकीची कंपनी असून तिचा औषधपुरवठा जानेवारी १९९५ पासून सुरू झाला. खरेदी आवश्यक औषधांच्या मर्यादित यादीतून आणि मूळ नावांनी होते. निविदेचे दोन लिफाफे असतात. तांत्रिक पात्रता सिद्ध झाल्यावरच दराचा लिफाफा उघडला जातो. स्वस्त दर केवळ एकत्रित खरेदीमुळे मिळतो, असा समज आहे. तो अपुरा आहे. देयक वर्षभर रखडणार असेल तर पुरवठादार त्या विलंबाची किंमत दरातच मिसळतो. वेळेवर पैसे देणारा ग्राहक म्हणून महामंडळाने जी पत मिळवली, तिचा लाभ पुढच्या निविदेत दिसतो.

गुणवत्तेची तपासणी हा या व्यवस्थेचा सर्वांत विचारपूर्वक रचलेला भाग म्हणावा लागेल. माल जिल्ह्यांतील गोदामांत पोहोचल्यावर नमुने काढले जातात. त्यांवरील उत्पादकाची ओळख झाकून, केवळ सांकेतिक क्रमांक देऊन ते प्रयोगशाळांकडे जातात. आपण कोणाचे औषध तपासत आहोत हे तपासणाऱ्यालाच ठाऊक नसते. नमुना अपात्र ठरल्यास पुरवठादार काळ्या यादीत जाऊ शकतो. गोळ्यांच्या पट्टीवर शासकीय पुरवठ्याची खूण असल्याने ती बाजारात विकणेही अवघड होते.

गोदामापासून आरोग्य केंद्रापर्यंतचा दुवा म्हणजे पासबुक. प्रत्येक संस्थेच्या नावे वर्षाची रक्कम पासबुकात नोंदवलेली असते. जेवढे औषध उचलले जाईल, तेवढी किंमत वजा होते. महागडे प्रतिजैविक अधिक घेतले तर लोहाच्या गोळ्यांसाठी किती उरेल, हे वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर रुपयांत स्पष्ट असते. अर्थशास्त्रात ज्याला अर्थसंकल्पीय मर्यादा म्हणतात, ती येथे एका वहीत उतरली आहे. पूर्वी वरून येईल ते स्वीकारणारे केंद्र आता मागणी नोंदवते. औषधांच्या तरतुदीपैकी सुमारे ९० टक्के रक्कम महामंडळामार्फत खर्च होते व सुमारे १० टक्के तातडीच्या स्थानिक खरेदीसाठी राखली जाते. ही सवलत किरकोळ वाटते, पण सर्पदंशाचा रुग्ण दारात असताना गोदामाचे वेळापत्रक उपयोगी पडत नाही.

इतर राज्यांनी हे प्रारूप उचलले. केरळने २००७ मध्ये आणि राजस्थानने २०११ मध्ये अशी महामंडळे स्थापन केली. राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना त्याच आधारावर सुरू झाली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली आणि २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा मार्ग धरला. खरेदी करणारी संस्था बदलणे तुलनेने सोपे असते. मागणी खालून येणे, साठ्याची नोंद रोज अद्ययावत राहणे आणि देयके न रखडणे या सवयी शासन निर्णयाने लागत नाहीत; त्यांना वर्षे लागतात.

चेन्नईच्या यंत्रणेपुढील कामही बदलले आहे. संसर्गजन्य आजारांत औषध काही दिवसांचे असते. रक्तदाब व मधुमेहात ते आयुष्यभराचे असते. ऑगस्ट २०२१ मध्ये कृष्णगिरी जिल्ह्यातून सुरू झालेल्या ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ या योजनेत अशा रुग्णांना घरपोच औषधे दिली जातात. ज्या रुग्णाची नोंद पूर्वी केंद्रावर आला तरच होत असे, त्याचा शोध आता आरोग्य कर्मचारी घरोघरी घेतात, आणि गोदामाच्या मागणीचा अंदाज बाह्यरुग्ण विभागातील गर्दीबरोबरच घरभेटींच्या नोंदवहीवरूनही बांधावा लागतो.