संदर्भग्रंथ पारखून वाचा



कोशात छापले म्हणजे ते खरेच, अशी आपली समजूत असते. ती किती पारखून घ्यावी लागते, हे बहाई धर्माच्या उदाहरणाने आपणांपुढे मांडतो. उदाहरण मुद्दामच दुसऱ्यांच्या धर्माचे घेतले आहे.

हा धर्म इराणात उदयास आला. १८४४ साली शिराझ येथे 'बाब' यांनी आपला दावा जाहीर केला. १८५० मध्ये तब्रीझला त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. पुढे बहाउल्लाह (१८१७-१८९२) यांनी बहाई धर्माची स्थापना केली. आपल्या महाराष्ट्रात पाचगणीची न्यू एरा शाळा बहाई मंडळींनी १९४५ मध्ये काढली. दिल्लीचे कमळाच्या आकाराचे मंदिरही त्यांचेच.

जुन्या कित्येक पुस्तकांत या धर्माला 'इस्लामचा एक पंथ' म्हटलेले आढळते. बहाई स्वतःला स्वतंत्र धर्माचे मानतात. इजिप्तमधील बेबा येथील शरई न्यायालयानेही १९२५ मध्ये हा धर्म इस्लामहून वेगळा असल्याचा निकाल दिला. म्हणजे दोन्ही बाजू एक सांगतात आणि पुस्तक तिसरेच!

आकड्यांचेही तसेच. भारतातील बहाईंची संख्या अनेक ग्रंथांत वीस लाखांच्या आसपास दिलेली असते. २०११ च्या जनगणनेत नोंद आहे ४,५७२ ची. जनगणनेच्या तक्त्यात सहा धर्मांना क्रमांक असतात, इतरांचे नाव लिहून घ्यावे लागते. तेव्हा आकडा कोणी व कसा मोजला, हे न सांगणारा ग्रंथ अपुराच समजावा.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, याच्याशी आपले काय? आपला अकीदा खत्मे नबुव्वतचा आहे. तो आहेच. परंतु एखादी गोष्ट न मानणे वेगळे आणि ती चुकीची सांगणे वेगळे. अल्-बीरूनी यांनी सुमारे १०३० साली हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला, त्यासाठी ते संस्कृत शिकले आणि हिंदूंचे म्हणणे हिंदूंच्याच ग्रंथांच्या आधारे मांडले. उलट इंग्रजी पुस्तकांनी आपल्या दीनला कित्येक वर्षे 'महंमदी धर्म' म्हटले, जणू आपण पैगंबरांचीच (स.) इबादत करतो! ते आपणास खुपते. मग जे माप आपण दुसऱ्यांकडून मागतो, तेच आपणही वापरले पाहिजे.

विद्यार्थ्यांनो, आता नांदुऱ्यात बसून मोबाईलवर हवा तो कोश उघडतो. वहीत उतरवण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. लेख कोणी लिहिला? केव्हा लिहिला? त्या धर्माचे लोक स्वतः काय म्हणतात, हे त्यात आहे का? आकडा आला कोठून? आणि पालकहो, मुलाने असे विचारले तर त्याला उद्धट म्हणू नका. आलेल्या बातमीची शहानिशा करण्याची ताकीद सूरह अल्-हुजुरातमध्ये आपणास दिलेलीच आहे.

अल्लाह आपणा सर्वांस इल्म आणि इन्साफ देवो. खुदा हाफिज.